कर्नलच्या दारातली पट्टागाडी

गुन्नेल केंत्ता माझ्या गॅरेजात आली तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. मला फक्त तिचे बूट दिसले. टाच झिजलेली, टोक वर वळलेलं, आमच्या उत्तरेकडच्या खेड्यात घालतात तसले.

"हेलमर लांत्तो तूच का?"

"खाली तरी मीच आहे. वर कोण आहे?"

"तागे केंत्ताची बहीण."

हातातला पाना सुटून माझ्या छातीवर पडला. बाहेर यायला मी मुद्दाम वेळ लावला. बारा वर्षं मी या बाईची वाट बघत होतो आणि ती येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो.

ती साधारण पस्तिशीची होती. अंगानं रुंद, केस कानाखाली कापलेले, डोळे अगदी तागेसारखे. बसायला दिलेल्या खुर्चीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"त्या दिवशी गाडीच्या मागच्या डब्यात चौघं होता तुम्ही," ती म्हणाली. "तिघांना भेटून आले. एक दारूत बुडालाय, एकाला काही आठवत नाही, एकानं दारच उघडलं नाही. चौथा तू."

"मग काय हवंय?"

"गाडी. मुस्तायार्वी तळ्याच्या तळाशी पडलीय ती. मार्चात बर्फ जाड असताना वर काढायची. सैन्यात तू तिचा मेकॅनिक होतास. साखळी कुठे अडकवली तर तिचे तुकडे होणार नाहीत, ते तुला माहीत."

"भंगार आहे ते आता. कशाला हवंय?"

"बुचं बघायला."

मला पुढे काही विचारायची गरज नव्हती. सैन्याची पट्टागाडी म्हणजे एकामागे एक जोडलेले दोन डबे, खाली रबरी पट्टे. कमरेएवढ्या बर्फातही ती रुतत नाही, आणि बर्फ फुटून पाण्यात पडली तर बदकासारखी तरंगते. फक्त तळाची पितळी बुचं बसवलेली हवीत. साचलेलं पाणी सोडायला ती उघडतात, पण पाण्यावर जायच्या आधी ती आवळणं हे ड्रायव्हरचं पहिलं काम. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की ड्रायव्हर तागे केंत्ता बुचं लावायला विसरला. म्हणून गाडी बुडाली आणि म्हणून तो मेला.

"माझा भाऊ," गुन्नेल म्हणाली, "झोपायच्या आधी चुलीची झडप तीनदा बघायचा. आई चिडायची त्याच्यावर. तो बुचं विसरला म्हणे. आई ते ऐकून चार वर्षांत गेली. गावात लोक समोर काही बोलत नव्हते, पण पोरांना दटावताना म्हणायचे, नीट बघ, नाहीतर तागेसारखं होईल."

मी हो म्हणालो. तिच्यावर उपकार करायला नव्हे. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. एकोणऐंशीच्या एप्रिलात आमच्या तुकडीचा हिवाळी सराव चालू होता. तुकड्यांमध्ये चुरस असायची, गाडी बाद झाली की गुण कापले जायचे. आमचा कॅप्टन रुटगर हालेनबोर्ग गुणांसाठी जीव टाकणारा माणूस होता. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतः हौसेनं गाडी चालवायला घेतली आणि ओढ्याच्या काठावरच्या दगडावर घातली. पुढच्या डब्याचा तळ हातभर फाटला. तागे तेव्हा स्वयंपाकाच्या तंबूत होता. कॅप्टननं मला बाजूला घेतलं.

"ठिगळ मार," तो म्हणाला.

"साहेब, ठिगळानं भागणार नाही. गाडी वर्कशॉपला पाठवायला हवी."

"लांत्तो, मी तुझं मत विचारलं का?"

मी पत्रा कापला, डांबरात बुडवलेलं कापड खाली घातलं, नऊ रिव्हेट ठोकले. मग त्यानं नोंदवही पुढे केली. मी लिहिलं, तळ तपासला, ठीक. खाली सही केली.

सकाळी तागेनं चारही बुचं आवळली. मी तिथेच उभा होतो, पाहिलं मी. हात पुसत त्यानं मला विचारलं, "काय रे हेलमर, तरंगेल ना आपली म्हातारी?"

"बदकासारखी," मी म्हणालो.

दुपारी आम्ही मुस्तायार्वीवर आलो. तागे त्याच तळ्याकाठचा. दोन डब्यांमध्ये बोलायला फोन होता; मागे बसून तो कानाला लावलेला असताना मला त्याचा आवाज ऐकू आला. "कॅप्टनसाहेब, इथे ओढ्याचं पाणी खालून येतं. बर्फ राखाडी दिसतोय. वळसा घालू या."

"वळशात चाळीस मिनिटं जातील. तुझी गाडी तरंगते की नाही?"

"तरंगते, साहेब."

"मग चालव."

मी तेव्हा फोनमध्ये ओरडायला हवं होतं. माझं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मग बर्फ फुटला. गाडी क्षणभर तरंगली आणि नंतर पुढचा डबा नाक खाली घालून बसत गेला. आम्ही चौघं मागच्या दारातून बर्फावर उड्या टाकल्या. हालेनबोर्ग छताच्या झडपेतून बाहेर आला, कोरडा, टोपीसकट. त्याच्या मागून तागे कमरेपर्यंत वर आला होता. तेवढ्यात मागचा डबा घसरला आणि त्या ओझ्यानं सगळी गाडी खाली गेली. तागेनं हाक मारली नाही. नुसता आमच्याकडे बघत गेला.

पाणबुड्यांनी दोन दिवसांनी त्याला काढला. गाडी गाळात बसली होती, ती तिथेच सोडली. चौकशीच्या आधी हालेनबोर्ग मला म्हणाला, "नोंदवहीत सही तुझी आहे, लांत्तो. विचार कर." चौकशीत मला विचारलं, ड्रायव्हरनं बुचं लावली होती का? मी म्हणालो, मी पाहिलं नाही. विसाव्या वर्षी त्या माणसानं मला खोटारडा करून ठेवलं, आणि नंतर रोज सकाळी दाढी करताना मी त्याला शिव्या घालत आलो. आरशात मात्र तो कधीच नसायचा.

मार्चात आम्ही बर्फावर तंबू ठोकला. गुन्नेल, मी आणि तिचा काका वालफ्रिड. वालफ्रिड सत्तरीचा, लाकूडतोडीत जन्म गेलेला. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"हा मेकॅनिक आहे की पाद्री?" तो गुन्नेलला विचारायचा. "दोन दिवसांत हसला नाही मेला."

"हसायला नाही आणलं त्याला, काका."

गुन्नेलनं दोन वर्षांपूर्वी सैन्यानं काढून टाकलेली एक जुनी पट्टागाडी लिलावात घेतली होती. तिच्यातून सामान आणलं. यांत्रिक करवतीनं आम्ही बर्फात चौकोन कापला, खोलीएवढा. वर पाइनच्या ओंडक्यांचं तिकाटणं उभं केलं, चेनपुली टांगली. शहरातून एक हौशी पाणबुड्या आला होता. तो खाली जाऊन मी सांगितलेल्या जागी साखळ्या अडकवून आला आणि दात वाजवत म्हणाला, "आहे, आहे. उभी आहे, झोपलेली नाही."

मग चार दिवस ओढायचं काम. चेन एका वेळी बोटभर सरकायची. गुन्नेल कुणाला हात लावू द्यायची नाही. हातमोजे फाटले तरी ओढत राहिली. मी एकदा म्हणालो, "जरा थांब, मी ओढतो."

"तू बारा वर्षं थांबलास ना? आणखी थोडा थांब."

वाटलं, हिला कळलंय. पण तिला कळलं नव्हतं. ती सगळ्यांशीच तशी बोलायची.

पाचव्या दिवशी दुपारी पुढचा डबा पाण्याबाहेर आला. चिखल गळत होता, काचांच्या जागी भोकं, हिरवा रंग मात्र जागोजागी शाबूत. आम्ही तो बर्फावर ओढून कुशीवर कलता केला. गुन्नेल गुडघ्यांवर बसली आणि उघड्या हातांनी तळावरचा गाळ काढू लागली. पहिलं बूच. दुसरं. पितळ हिरवं पडलं होतं, पण दोन्ही शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेली. संध्याकाळपर्यंत मागचा डबाही वर आला. त्याचीही दोन्ही जागेवर.

ती रडली नाही. बर्फावर थुंकली आणि म्हणाली, "बघितलंस काका? तीनदा बघितली असणार त्यानं."

"बघितली असणार, पोरी," वालफ्रिड म्हणाला. डोळे पुसले ते त्यानंच.

"मग बुडाली कशी?" ती पुन्हा पुढच्या डब्याकडे गेली, हातानं तळ चाचपत. ठिगळाजवळ तिचा हात थांबला. पत्र्याची एक बाजू उचकटून बाहेर वळली होती. खाली फाट दिसत होती.

"हे काय? हे कुणी मारलं?"

पळून जायला बर्फाचं आख्खं मैदान होतं. पण पाय हलले नाहीत.

"मी," म्हणालो.

सगळं सांगितलं. दगड, नऊ रिव्हेट, नोंदवही, बदकासारखी म्हणालो ते, चौकशीत म्हणालो ते. सांगताना मी तिच्या बुटांकडेच बघत होतो. सांगून झालं तेव्हा वालफ्रिडनं हातातली कुऱ्हाड हळूच खाली ठेवली, स्वतःचीच भीती वाटावी तशी.

गुन्नेलनं हातांचा गाळ बर्फात पुसला. मग तिनं माझ्या तोंडावर एकच ठोसा मारला. कामाचा हात होता तिचा. मी बसलो, ओठ फाटला.

"ऊठ," ती म्हणाली. "हालेनबोर्ग कुठे राहतो?"

ते मला ठाऊक होतं. कर्नल होऊन तो निवृत्त झाला होता, खाली किनाऱ्याकडे घर बांधून राहत होता. तो कुठे राहतो, काय करतो, याची खबर मी बारा वर्षं ठेवली होती. कशासाठी ते तोवर माझं मलाच कळलं नव्हतं.

आठवड्याभरानं वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. साठ वर्षं पूर्ण. खाली मुलाखत. आयुष्य बर्फावर गेलं, असंख्य पोरांना माणूस बनवलं, एकच सल आहे म्हणे, एक तरुण ड्रायव्हर स्वतःच्या हलगर्जीपणानं गमावला. शेवटी निमंत्रण होतं: शनिवारी घर सर्वांना खुलं आहे.

गुन्नेलनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. "सर्वांना," ती म्हणाली. "म्हणजे आपल्यालाही बोलावलंय."

"मोकळ्या हातानं जायचं का?" वालफ्रिड म्हणाला.

"छे. भेट घेऊन जाऊ."

आम्ही बुडालेली गाडी ओंडक्यांच्या मोठ्या घसरगाडीवर बांधली आणि तिच्या पट्टागाडीमागे जोडली. दोन दिवस लागले. जंगलातल्या वाटांनी, गोठलेल्या नदीवरून, ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. गुन्नेल चालवत होती, शेजारी वालफ्रिड. मला मागच्या डब्यात बसवलं होतं, पूर्वी बसायचो तसंच, कानाला फोन लावून. त्यातून ती माझ्याशी दोनच वाक्यं बोलली. एकदा विचारलं, साखळी नीट आहे का. दुसऱ्यांदा म्हणाली, "तिथे तू बोलायचंस. मी नाही." मला भीती वाटायला हवी होती. पण पोटात काहीतरी पेटलेलं होतं आणि त्याची ऊब चांगली वाटत होती. हालेनबोर्गचा चेहरा कसा होईल, हे मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणत होतो, पोरं खाऊ पुरवून खातात तसा.

शनिवारी दोनच्या सुमाराला आम्ही त्याच्या आवारात शिरलो. वाढदिवसाचा झेंडा काठीवर चढवलेला. दारासमोर दहाबारा मोटारी. आमच्या इंजिनाच्या आवाजानं लोक खिडक्यांशी आले, मग कॉफीचे कप हातात घेऊन पायऱ्यांवर. बहुतेक त्याच्या वेळचे अधिकारी, त्यांच्या बायका. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, रेजिमेंटनं जुनी गाडी पाठवून गंमत केली.

हालेनबोर्ग हसत बाहेर आला. केस पांढरे, पाठ ताठ. "अरे वा! हे कुणाचं डोकं?" मग त्याची नजर मागच्या घसरगाडीवर गेली. गाडीच्या दारावरचा नंबर अजून वाचता येत होता. हसू तोंडावरच राहिलं, पण त्याच्यातला जीव गेला.

गुन्नेल खाली उतरली. "साठीच्या शुभेच्छा, कर्नलसाहेब. मी तागे केंत्ताची बहीण. तुमची गाडी आणलीय, तळ्यात विसरला होतात." तिनं खिशातून चार बुचं काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "ही तिची बुचं. चारही आवळलेली होती. मी हातांनी काढली."

"बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो," तो म्हणाला, "पण बारा वर्षं झाली. चौकशी झाली आहे. कायद्यानं आता..."

"कायदा हवा असता तर कोर्टात गेले असते. घर खुलं आहे असं तुम्हीच छापलंत."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो.

"लांत्तो?" तो म्हणाला. आवाज एकदम जुना झाला, हुकमाचा. "तू यात पडू नकोस."

मी बोललो. त्याच्याकडे नाही, पायऱ्यांवरच्या माणसांकडे बघून. तळ कुणी फाडला, ठिगळ कुणी मारायला लावलं, ओढ्याजवळ तागे काय म्हणाला आणि त्याला काय उत्तर मिळालं. त्या फाटीवर बोट ठेवून रिव्हेट मोजून दाखवले. बोलता बोलता मला जाणवलं की मला मजा येतेय. लाज वाटावी इतकी.

"हा माणूस खोटं बोलतोय," हालेनबोर्ग म्हणाला. "ह्यानं स्वतः सही केली आहे!"

"केली. पण सहीवर लिहिलेलं खोटं होतं. चौकशीतही खोटं बोललो. तुमच्यासाठी बोललो."

पायऱ्यांवर तिशीतली एक बाई उभी होती, हातात केकचा चाकू. त्याची मुलगी, लोविसा. ती खाली आली, फाटीत वाकून बघितलं, ठिगळाचा पत्रा बोटानं हलवला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? बर्फावर घातलीत तेव्हा, हे खाली आहे ते माहीत होतं?"

"तू आत जा."

"माहीत होतं का?"

"लोविसा, मी सांगतोय, आत जा!"

ती आत गेली नाही. तिनं चाकू बर्फात टाकला आणि फाटकाबाहेर चालत गेली, कोटाशिवाय. एका म्हाताऱ्या सुभेदारानं कॉफीचा कप पायरीवर ठेवला, टोपी घातली आणि हालेनबोर्गकडे न बघता आपल्या मोटारीकडे निघाला. मग दुसरा. मग एक जोडपं. मोटारींची दारं लागल्याचे आवाज येत होते. पाव तासात आवार रिकामं झालं. हालेनबोर्ग हातात चार बुचं धरून उभा होता. ती टाकायची की ठेवायची हे त्याला सुचत नव्हतं.

गुन्नेलनं हे सगळं शेवटपर्यंत पाहिलं. एकही मोटार नजरेतून सुटू दिली नाही. मग तिनं घसरगाडीची साखळी सोडली, गुंडाळून आपल्या गाडीत टाकली. मी मागच्या डब्याच्या दाराला हात घातला.

"तू कुठे?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"भेट दोन नगांची आहे. गाडी आणि तू." तिनं इंजिन चालू केलं. "माझ्या भावाला बदकासारखी म्हणालास. तुझी जागा इथे."

वालफ्रिडनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली, झडप लावून घेतली. पट्ट्यांनी बर्फ उडवला आणि ती निघून गेली.

आवारात आम्ही दोघंच उरलो. हालेनबोर्ग म्हणाला, "आत ये लांत्तो. कॉफी आहे. खूप उरलंय सगळं."

त्या शब्दांपुढे गुन्नेलनं माझ्या तोंडावर मारलेला ठोसा काहीच नव्हता. तो माणूस मला आपल्यातला समजत होता. आणि तिनं नेमकं त्यासाठीच मला तिथे सोडलं होतं. मी फाटकाबाहेर पडलो. बसथांबा चार किलोमीटर दूर होता. रस्त्यात लोविसा दिसली, शेजाऱ्यांच्या अंगणात कुणाचा तरी कोट पांघरून बसलेली. तिनं मला ओळखलं, पण हाक मारली नाही.

पुढच्याच सोमवारी मी रेजिमेंटच्या कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं. लोविसानंही वर्तमानपत्राला पत्र धाडलं. शिक्षा कुणालाच झाली नाही, मुदत कधीच टळली होती. पण शरद ऋतूत गुन्नेलला तीन ओळींचं पत्र आलं की अपघातास ड्रायव्हर जबाबदार नव्हता. गाडीचा सांगाडा जूनपर्यंत त्या आवारात उभा राहिला. उचलून न्यायला तिकडचं एकही गॅरेज तयार होईना. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, एवढं नक्की. येणारी जाणारी प्रत्येक मोटार तिथे हळू व्हायची. हालेनबोर्गनं शेवटी घर विकलं आणि दक्षिणेकडे कुठेतरी गेला. ते कळलं त्या दिवशी मी गॅरेज लवकर बंद केलं आणि स्वतःसाठी चांगलं मटण आणलं.

गुन्नेलला मी दोन पत्रं लिहिली. दोन्ही न फोडता परत आली. वालफ्रिड मात्र नाताळात फोन करतो, तिला न सांगता.

गेल्या वेळी मी त्याला विचारलं, "कशी आहे ती? आता तरी जरा शांत झाली का?"

"शांत?" म्हातारा हसला. "अरे मजेत आहे. जाड झालीय. दहा दहा तास झोपते. काम करताना गाते, इतकं वाईट गाते की कुत्रा बाहेर जाऊन बसतो."

"माझं नाव काढते का?"

"काढते की. तुझं नाव काढलं की थुंकते. मग पुन्हा गाते."

मी बरं म्हणालो आणि त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या.